गोव्याची विधानसभा कोणता कायदा करू शकते आणि कोणता नाही

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. फोंडा तालुक्यातल्या आपल्या गावात डोंगर आणि शेते विकली जात आहेत, घेणारे बहुतेक गोव्याबाहेरचे आहेत, आणि ग्रामसभेत विचारले की दर वेळी एकच उत्तर मिळते: बाहेरच्यांना जमीन विकण्यावर बंदी घालणे विधानसभेच्या हातात नाही, ते दिल्लीच्या हातात आहे. हे खरे आहे का, आणि खरे असेल तर विधानसभेच्या हातात नेमके आहे तरी काय, असे आपण विचारले आहे.

पणजीत अनेक वर्षे वकिली करताना आणि मधल्या काळात विधेयकांचे मसुदे तपासून देताना हे उत्तर मीही पुष्कळदा ऐकले आहे. ते अर्धे खरे आहे. ‘बिगरगोमंतकीयाला जमीन विकू नये’ अशा शब्दांतला कायदा गोवा विधानसभेने केला तर तो न्यायालयात टिकणार नाही. परंतु शेतजमिनीचे हस्तांतर, जमिनीचा वापर, डोंगरकापणी, कुळे, मुंडकार (भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेत घर करून राहणारे) आणि कोमुनिदादी (गावाची सामुदायिक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या गावसंस्था) या सर्व विषयांवर कायदा करण्याचा तिला भरपूर अधिकार आहे, आणि आज आपल्या गावात जे घडते आहे ते बहुतांशी तिने स्वतः केलेल्या कायद्यांच्या चौकटीत घडते आहे. म्हणून ‘अधिकारच नाही’ हे उत्तर मला नेहमी पळवाटेसारखे वाटते.

आधी हा अधिकार कुठून आला ते पाहू. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला तरी विधानसभा लगेच मिळाली नाही. १९६२ मध्ये बाराव्या घटनादुरुस्तीने गोवा, दमण आणि दीव हा केंद्रशासित प्रदेश म्हणून घटनेत दाखल झाला, त्याच वर्षी चौदाव्या दुरुस्तीने अशा प्रदेशांना विधानसभा देण्याची वाट मोकळी केली, आणि केंद्रशासित प्रदेश शासन अधिनियम, १९६३ खाली तीस निर्वाचित सदस्यांची विधानसभा अस्तित्वात येऊन डिसेंबर १९६३ मध्ये दयानंद बांदोडकरांचे पहिले मंत्रिमंडळ बनले. ही विधानसभा राज्य सूचीतल्या आणि समवर्ती सूचीतल्या विषयांवर कायदे करू शकत असे. मात्र तो अधिकार संसदेने साध्या कायद्याने दिलेला होता, त्याच विषयांवर संसदही केव्हाही कायदा करू शकत होती आणि दोहोंत विसंगती आली तर संसदेचा कायदा चालत होता. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की नाही हे ठरवणारा १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौलसुद्धा संसदेच्या कायद्यानुसार घेतला गेला, विधानसभेच्या नव्हे.

३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाले आणि हे चित्र मुळापासून बदलले. विधानसभेचा अधिकार आता थेट घटनेच्या अनुच्छेद २४५ आणि २४६ मधून येतो, आणि राज्य सूचीतल्या विषयावर संसद सर्वसाधारण परिस्थितीत कायदा करू शकत नाही. आपल्या रोजच्या व्यवहारातले अनेक कायदे अजूनही ‘गोवा, दमण आणि दीव’ या नावाने ओळखले जातात, उदाहरणार्थ १९६४ चा कूळ कायदा, १९७४ चा नगर व ग्रामनियोजन कायदा, १९७५ चा मुंडकार कायदा. ते केंद्रशासित काळात झाले, राज्य पुनर्रचनेच्या कायद्याने ते चालू ठेवले, आणि आजची चाळीस सदस्यांची विधानसभा ते दुरुस्त करू शकते किंवा रद्दही करू शकते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. घटनेत गोव्यासाठी अनुच्छेद ३७१झ आहे, त्यामुळे गोव्याला काही खास संरक्षण आहे असे अनेकांना वाटते. हा अनुच्छेद एका वाक्याचा आहे आणि त्यात एवढेच म्हटले आहे की गोव्याच्या विधानसभेत तीसपेक्षा कमी सदस्य असणार नाहीत. याउलट नागालँडसाठी असलेल्या ३७१क मध्ये आणि मिझोरामसाठी असलेल्या ३७१छ मध्ये जमिनीची मालकी व हस्तांतर यांविषयीचा संसदेचा कायदा त्या राज्याच्या विधानसभेने ठराव केल्याशिवाय तिथे लागू होत नाही. गोव्यालाही तशी विशेष तरतूद मिळावी असा ठराव आपल्या विधानसभेने २०१३ मध्ये एकमताने संमत केला होता. पण ठराव ही मागणी असते. त्याने कोणावर बंधन येत नाही, आणि ती मागणी केंद्राने मान्य केली नाही.

आता विषयांची वाटणी. सातव्या अनुसूचीत संघ सूची, राज्य सूची आणि समवर्ती सूची अशा तीन सूची आहेत, हे शाळेत सर्वांनी वाचलेले असते. प्रत्यक्षात एकच वस्तू दोन-तीन सूचींत विभागलेली असते, आणि ते पुस्तकापेक्षा गोव्याच्या बाजारात चांगले कळते. काजूची फेणी गाळण्यावरचे आणि विकण्यावरचे अबकारी शुल्क हा पूर्णपणे राज्याचा विषय आहे, आणि पिण्याची दारू वस्तू व सेवा कराच्या बाहेर ठेवल्यामुळे ते उत्पन्न राज्याकडेच राहिले. परंतु ‘फेणी’ या नावाला २००९ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन केंद्राच्या कायद्याखालचे आहे, त्यात विधानसभा काही बदलू शकत नाही. मासेमारीचेही तसेच. प्रादेशिक समुद्रापर्यंतची, म्हणजे किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याची आणि त्यापलीकडची संघाची. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवरून किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढणारे पारंपरिक रापणकार आणि ट्रॉलरमालक यांच्यात वाद पेटतो तेव्हा ‘सरकार कायदा का करत नाही’ असे विचारले जाते. त्याचे निम्मे उत्तर या रेषेत आहे, आणि उरलेले निम्मे अंमलबजावणीत.

पाण्याचे उदाहरण अधिक कटू आहे. पाणी हा राज्य सूचीतला विषय, परंतु आंतरराज्य नद्यांचे नियमन संघ सूचीत आणि त्यांच्यावरचे तंटे अनुच्छेद २६२ खाली लवादाकडे. म्हादई नदीचे पाणी वळवण्यास मनाई करणारा कायदा पर्वरीत, म्हणजे आपल्या विधानसभेत, एकमताने संमत झाला तरी कर्नाटकातल्या कणकुंबीत त्याचा काही उपयोग नाही, कारण राज्याचा कायदा राज्याच्या हद्दीबाहेर चालत नाही. कावेरीच्या वादात कर्नाटकाने लवादाचा अंतरिम आदेश निष्प्रभ करणारा अध्यादेश काढला होता, आणि तो घटनाबाह्य असल्याचे मत सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच दिले. म्हणून म्हादईची लढाई लवादापुढे आणि न्यायालयातच लढावी लागते.

आपला मूळ विषय जमीन. राज्य सूचीच्या अठराव्या नोंदीत जमीन, जमिनीतील हक्क, धारणापद्धती आणि शेतजमिनीचे हस्तांतर हे सर्व येते. शेतजमीन सोडून इतर मालमत्तेचे हस्तांतर मात्र समवर्ती सूचीच्या सहाव्या नोंदीत आहे. म्हणजे भातशेतीच्या विक्रीवर विधानसभा एकटी कायदा करू शकते, तर घर, दुकान किंवा बिगरशेती भूखंडाच्या विक्रीवर कायदा करताना तिला केंद्राच्या कायद्यांकडे पाहावे लागते. त्याशिवाय मूलभूत हक्कांची मर्यादा आहे. अनुच्छेद १५ जन्मस्थानावरून भेद करू देत नाही आणि अनुच्छेद १९ प्रत्येक नागरिकाला देशात कुठेही राहण्याचा व स्थायिक होण्याचा हक्क देतो. या हक्कावर सार्वजनिक हितासाठी वाजवी निर्बंध घालता येतात, पण ‘तू इथला नाहीस’ एवढ्याच कारणासाठी घातलेला निर्बंध वाजवी ठरवणे फार कठीण आहे.

याच कारणासाठी जाणते मसुदाकार माणसाच्या मूळ गावाऐवजी जमिनीच्या स्वरूपाकडे पाहतात. २०२३ चा शेतजमीन हस्तांतर निर्बंध कायदा असाच आहे. त्यात घेणारा गोव्याचा आहे की दिल्लीचा हे विचारलेले नाही, तो शेतकरी आहे की नाही हे विचारले आहे, आणि बिगरशेतकऱ्याला भातशेती विकण्यावर निर्बंध घातला आहे. हिमाचल प्रदेशाने आपल्या कूळ कायद्यात फार पूर्वी हीच वाट धरली होती. त्याआधी १९९१ च्या जमीन वापर नियमन कायद्याने कूळ कायद्याखाली कुळाच्या मालकीची झालेली जमीन शेतीशिवाय अन्य कामासाठी वापरण्यास मनाई केली. नगरनियोजन कायद्याच्या कलम १७ए मध्ये डोंगर कापण्यावर आणि सखल जमिनीत भराव टाकण्यावर निर्बंध आहे. हे तिन्ही कायदे विधानसभेच्या अधिकारातले आहेत, आणि त्यांना दिल्लीने हात लावलेला नाही.

विधानसभेने मनावर घेतले तर ती किती दूर जाऊ शकते हे पाहायचे असेल तर १९७६ ची कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती पाहावी. शशिकला काकोडकर मुख्यमंत्री असताना झालेल्या या दुरुस्तीने कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक मानले. भाटकारांनी न्यायालयात आव्हान दिले, खालच्या टप्प्यावर दुरुस्तीला धक्काही बसला, आणि पुढे १९८४ मध्ये सत्तेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ती मूलभूत हक्कांच्या आधारे होणाऱ्या आव्हानापासून संरक्षण देणाऱ्या नवव्या अनुसूचीत घातली गेली. त्या वेळी गोवा राज्यही नव्हते. अर्धवट अधिकारांच्या विधानसभेने गोव्याच्या खेड्यातला सर्वात मोठा बदल करून दाखवला, आणि पूर्ण अधिकारांची विधानसभा आज हात वर करते, हे मला पटत नाही.

आता पोर्तुगीज काळातल्या कायद्यांविषयी, कारण तोही जमिनीचाच भाग आहे. १९६२ च्या गोवा, दमण आणि दीव प्रशासन अधिनियमाच्या कलम ५ ने मुक्तीपूर्वी अमलात असलेले कायदे ‘सक्षम विधिमंडळ’ बदलेपर्यंत चालू ठेवले. सक्षम कोण हे त्या त्या कायद्याच्या विषयावरून ठरते. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून गोव्यात लागू झाली. विवाह आणि वारसा हे समवर्ती सूचीतले विषय असल्यामुळे तिचे ते भाग संसद आणि विधानसभा दोघीही बदलू शकतात. वारशाच्या बाबतीत विधानसभेने तसे केलेही: वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी (मृताच्या मालमत्तेची यादी व वाटणी) कार्यवाहीचा कायदा नावात २०१२ चा आहे, त्याचा क्रमांक २०१६ सालचा आहे, आणि तो अमलात आला २०१६ च्या डिसेंबरात. मधली वर्षे संमतीच्या प्रवासात गेली. समवर्ती विषयावर राज्याचा कायदा केंद्राच्या कायद्याशी विसंगत असेल तर अनुच्छेद २५४ प्रमाणे केंद्राचा कायदा वरचढ ठरतो, फक्त राष्ट्रपतींची संमती घेतली तर राज्याचा कायदा त्या राज्यापुरता चालतो, आणि तेव्हाही संसद नंतर तो बदलू शकते.

सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये होजे पावलो कुतिन्यो यांच्या खटल्यात असे ठरवले की गोमंतकीयाच्या गोव्याबाहेरच्या मालमत्तेच्या वारशालाही ही नागरी संहिता लागू होते, कारण संसदेने चालू ठेवल्यामुळे ती आता भारतीय कायदा आहे. त्यातून एक नाजूक प्रश्न उभा राहतो. संसदेने चालू ठेवलेली संहिता मुंबईतल्या सदनिकेपर्यंत पोचू शकते, पण तिच्या जागी विधानसभेने स्वतः केलेला वारसा कायदा राज्याच्या हद्दीबाहेर तितकाच पोचेल का? माझ्या मते पुढचा खरा वाद इथे होईल, आणि मुंबई-पुण्यात घर असलेल्या गोमंतकीय कुटुंबांनी इन्व्हेंटरी दाखल करताना हे ध्यानात ठेवावे.

कोमुनिदाद संहिता १९६१ ची, मुक्तीच्या काही महिने आधीची. तिचा विषय मुख्यतः जमीन असल्यामुळे विधानसभा तिच्यात दुरुस्त्या करत आली आहे. देवस्थानांची नियमावली मात्र धार्मिक संस्थांच्या विषयात, म्हणजे समवर्ती सूचीत मोडते. महाजनांच्या, म्हणजे देवस्थानांच्या सभासदांच्या, वादात हा फरक अनेकदा विसरला जातो.

खाणींवर थोडक्यात लिहितो. खनिजांच्या नियमनाचा राज्याचा अधिकार संघ सूचीच्या चौपन्नाव्या नोंदीखाली दबलेला आहे, आणि १९५७ च्या केंद्रीय कायद्याने जवळजवळ सगळे क्षेत्र व्यापले आहे. पोर्तुगीज काळातल्या खाणसवलती (कन्सेशन) रद्द करून त्यांचे भाडेपट्टे करणारा १९८७ चा कायदाही संसदेनेच केला. २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले तेव्हा डिचोली-सांग्यातून विधानसभेकडे डोळे लागले, पण खाणी सुरू करणारा कायदा करणे तिच्या हातात नव्हते. कर मात्र वेगळा. जुलै २०२४ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने स्वामित्वधन (रॉयल्टी) हा कर नव्हे आणि खनिज हक्कांवर कर लावण्याचा अधिकार राज्यांना आहे असे ठरवले. खाणपट्ट्यातल्या गावांसाठी या निकालाचा अर्थ मोठा आहे. त्याची चर्चा गोव्यात व्हायला हवी तितकी झालेली नाही.

विधानसभेत संमत झालेले विधेयक म्हणजे कायदा नव्हे, हेही सांगितले पाहिजे. त्याला अनुच्छेद २०० खाली राज्यपालांची संमती लागते, किंवा राज्यपाल ते पुनर्विचारासाठी परत पाठवू शकतात, किंवा राष्ट्रपतींसाठी राखून ठेवू शकतात. या संमतीला न्यायालय ठरावीक मुदत घालून देऊ शकत नाही, पण राज्यपालांनी विधेयक अनिश्चित काळ अडवून ठेवणेही चालणार नाही, असे मत सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिले. गोव्यातले बोलके उदाहरण मात्र राज्यपालांच्या विलंबाचे नाही. ३० जुलै २०२१ रोजी भूमिपुत्र अधिकारिणी विधेयक घाईने संमत झाले. तीस वर्षे राहत असलेल्या घराची मालकी रहिवाशाला देण्याची त्यात योजना होती, आणि ‘भूमिपुत्र’ या नावावरूनच राज्यभर एवढा संताप उसळला की सरकारने ते संमतीसाठी पुढे नेले नाही. विधेयक संमत झाल्याची बातमी वाचून घाबरण्याआधी किंवा पेढे वाटण्याआधी राजपत्र पाहावे, ते यासाठी.

काही गोष्टी विधानसभा स्वतःविषयीही ठरवू शकत नाही. गोव्यातल्या गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांना २००३ मध्ये अनुसूचित जमातींचा दर्जा संसदेच्या कायद्याने मिळाला, आणि त्यांच्यासाठी याच विधानसभेत जागा राखीव ठेवण्याचे विधेयक ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेला संमत करावे लागले. उलट, आपल्या हातातल्या विषयात ती किती मोकळी आहे हे माडाने दाखवले. २०१६ मध्ये वृक्ष संरक्षण कायद्यात दुरुस्ती करून माडाला ‘वृक्षा’च्या व्याख्येतून काढले, आणि सरकार बदलल्यावर २०१७ मध्ये त्याला परत आत घेतले. दोन्ही वेळा दिल्लीला विचारावे लागले नाही.

माझ्या मते आपल्या गावातल्या प्रश्नाचे मूळ आणखी एका ठिकाणी आहे, आणि ते म्हणजे विधानसभेने खात्यांना देऊन टाकलेले अधिकार. नगरनियोजन कायद्यात २०२३ मध्ये आलेल्या कलम १७(२) ने प्रादेशिक आराखड्यातल्या अनवधानाने राहिलेल्या चुका आणि विसंगत विभागणी दुरुस्त करण्याची मुभा दिली. वाचायला निरुपद्रवी वाटणाऱ्या या कलमाखाली एकेका सर्वे क्रमांकाचा विभाग बदलून दिला जाऊ लागला. १३ मार्च २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने कलम रद्द केले नाही, पण त्याचा अर्थ अतिशय मर्यादित केला आणि त्याखाली केलेले नियम व मार्गदर्शक तत्त्वे रद्द केली. २०२४ मध्ये आलेले कलम ३९ए हे विभाग बदलाचे आणखी एक दार आहे. या दोन्ही कलमांना मंजुरी देणारे आमदार आपणच निवडून दिलेले आहेत, आणि त्यांनी मंजूर केलेला मजकूर काही ओळींचा होता.

म्हणून आपल्या आमदारांकडे ‘बाहेरच्यांना बंदी घाला’ अशी मागणी नेण्याऐवजी नेमकी कलमे घेऊन जावे असे मी सुचवीन. २०२३ च्या कायद्याचे संरक्षण भातशेतीपलीकडे, बागायती आणि मोरड (उंचावरच्या) जमिनीपर्यंत वाढवता येईल का, हे विचारा. शेतजमीन राज्य सूचीत आहे, त्यामुळे तिथे दिल्लीचे कारण चालणार नाही. डोंगरउतारावर विभाग बदल करण्याआधी ग्रामसभेचे म्हणणे ऐकणे कायद्यातच बंधनकारक करा अशी मागणी करा. ती खात्याच्या परिपत्रकात ठेवली तर उद्या दुसरे परिपत्रक निघेल. कोणताही आमदार असे खासगी विधेयक मांडू शकतो, मात्र त्याने राज्याच्या एकत्रित निधीतून खर्च होणार असेल तर अनुच्छेद २०७ प्रमाणे राज्यपालांची शिफारस लागते, म्हणून मसुद्यात नवे मंडळ किंवा नवी पदे घालू नयेत. सरकारी विधेयक आले तर ते निवडक आमदारांच्या चिकित्सा समितीकडे पाठवण्याचा आग्रह धरावा, कारण लोकांच्या सूचना ऐकण्याची सवड बहुधा तिथेच मिळते.

आणि पुढचे विधेयक हाती आले की शेवटच्या पानापासून वाचायला सुरुवात करावी. तिथे उद्देश व कारणांच्या निवेदनाजवळ, इंग्रजीत, प्रत्यायोजित विधानाविषयीचे एक लहान टिपण जोडलेले असते. कोणत्या कलमाने कोणाला नियम करण्याचा किंवा सूट देण्याचा अधिकार दिला जात आहे हे त्यात लिहिलेले असते. ते कलम क्रमांक टिपून घ्यावेत आणि आमदारांना त्यांच्याविषयीच प्रश्न विचारावेत.